नरडाण्यात राहून कॉलेज करताय? जिम, तालीम आणि कराटेचा क्लास असा शोधा

मोबाईलवर 'जवळची जिम' असं शोधलं की पुण्या-नाशिकच्या पोराला वीस पर्याय दिसतात. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्यात बसून हेच शोधलं तर नकाशा भलतीकडेच नेतो. कधी धुळे दाखवतो, कधी शिरपूर, तर कधी दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं एखादं दुकान.

याचा अर्थ व्यायामाची सोय नाही असा होत नाही. सोय आहे, पण ती नकाशावर नाही. ती कॉलेजच्या जिमखान्यात आहे, ग्रामपंचायतीच्या व्यायामशाळेत आहे, तालुक्याच्या क्रीडा संकुलात आहे आणि एखाद्या वस्तादाच्या तालमीत आहे. ती शोधायची कशी, पैसे कुठे द्यायचे, कुठे देऊ नयेत आणि बेल्ट-प्रमाणपत्राच्या नादात फसायचं कसं नाही, ते या लेखात सविस्तर पाहू.

आधी हे ठरवा: कशासाठी?

बहुतेक पोरं आधी जिम लावतात आणि नंतर कशासाठी लावली याचा विचार करतात. क्रम उलटा हवा. कॉलेजच्या वयात साधारण चार कारणं असतात आणि चौघांची वाट वेगळी आहे.

पहिलं कारण पोलीस भरती. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर धावणं १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी गुणांची विभागणी तीच. आता यात बेंच प्रेस कुठे आहे? कुठेच नाही. ५० पैकी ३५ गुण धावण्याचे आहेत. त्यामुळे भरतीची तयारी करणाऱ्याला जिमच्या आधी मैदान, स्टॉपवॉच आणि सोबत धावणारा मित्र लागतो. पाय, कंबर आणि खांद्याची ताकद वाढवायला आठवड्यातून दोन दिवस जिम पुरते.

दुसरं कारण तब्येत. वजन वाढवायचं, पोट कमी करायचं, दिवसभर बसून आखडलेलं अंग मोकळं करायचं. जागतिक आरोग्य संघटना १८ वर्षांवरच्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. हे गावातल्या साध्या व्यायामशाळेत आरामात होतं.

तिसरं कारण स्पर्धा. विद्यापीठाच्या संघात जायचं, पदक मिळवायचं, पुढे खेळाडू कोट्यातून नोकरीचा प्रयत्न करायचा. यासाठी खेळ, प्रशिक्षक आणि संघटना या तिन्ही गोष्टी नीट पारखून घ्याव्या लागतात.

चौथं कारण स्वसंरक्षण. विशेषतः मुलींच्या घरचे यासाठी तयार होतात. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

नरडाण्याहून कुठे-कुठे जाता येतं?

नरडाणा मुंबई–आग्रा महामार्गावर, धुळे आणि शिरपूरच्या मध्ये आहे. धुळं साधारण तीस-पस्तीस किलोमीटर, शिरपूर वीसेक किलोमीटर. शिवाय नरडाणा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन. पूर्वेला गाडीने बेटावद, अमळनेर, पुढे जळगाव. पश्चिमेला शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. धुळ्याला मात्र इथून अजून रेल्वे नाही. मनमाड–इंदूर मार्गाचा भाग म्हणून बोरविहीर–नरडाणा लोहमार्गाचं काम हाती घेतलेलं आहे, ते पूर्ण होईपर्यंत धुळ्यासाठी एसटी किंवा स्वतःची गाडी.

म्हणजे गाव लहान असलं तरी चार दिशांना चार शहरं हाताशी आहेत. यातली कोणती निवडायची, याचं उत्तर सोपं आहे: ज्या शहरात तुमचं कॉलेज आहे ते.

कारण एसटीचा पास. विद्यार्थ्यांना घर ते शाळा-कॉलेज या मार्गाच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा भरावा लागतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या साध्या तिकिटातही निम्मी सवलत आहे. कॉलेज शिरपूरला आणि जिम धुळ्याला, असं केलं तर पास एका दिशेला आणि तुम्ही दुसऱ्या. महिन्याच्या फीपेक्षा तिकिटाचा खर्च जास्त होतो आणि दुसऱ्या महिन्यात जिम सुटते.

दुसरा हिशोब वेळेचा. शेवटचं लेक्चर संपणं आणि घरी जाणारी शेवटची सोयीची बस, यात किती वेळ उरतो ते आधी मोजा. दीड तास उरत असेल तर त्यातला जाण्या-येण्याचा आणि कपडे बदलण्याचा वेळ वजा करून हातात तासभर राहतो. तेवढा पुरतो. पण रोज बस चुकण्याची वेळ येत असेल, तर रात्री महामार्गावर ट्रकच्या रांगेत दुचाकीवरून येण्यापेक्षा सकाळची गावातली व्यायामशाळा बरी.

पैसे देण्याआधी ही चार दारं ठोठवा

१. कॉलेजचा जिमखाना. प्रवेशाच्या पावतीवर एकदा नजर टाका. त्यात जिमखाना किंवा क्रीडा शुल्काची ओळ असते. म्हणजे पैसे तुम्ही आधीच भरले आहेत. अनेक कॉलेजांत वजनं, बार, कुस्तीची किंवा ज्युदोची मॅट असते आणि ती वर्षभर कुलपात असते, कारण कुणी विचारतच नाही. क्रीडा संचालकांना भेटून तीन प्रश्न विचारा: जिम किती वाजता उघडते, कोणत्या खेळांची निवड चाचणी होते आणि ती कधी होते. एकट्याने विचारण्यापेक्षा आठ-दहा जणांनी मिळून लेखी अर्ज दिला तर कुलूप लवकर उघडतं.

२. गावातली व्यायामशाळा. राज्याच्या क्रीडा खात्याची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे. त्यातून बांधकामासाठी आणि साहित्यासाठी पैसे मिळतात. तुमच्या गावात अशी इमारत असेल तर ती कुणाच्या ताब्यात आहे, चावी कुणाकडे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. इमारत आहे पण साहित्य गंजलंय, अशी स्थिती असेल तर तो विषय ग्रामसभेत मांडता येतो. १८ वर्षं पूर्ण झालेला आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, हे अनेक पोरांना ठाऊकच नसतं.

३. क्रीडा संकुल. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी क्रीडा संकुलं उभारण्याचं राज्याचं धोरण आहे. धुळ्यात जिल्हा क्रीडा संकुल आहे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयही आहे. हे कार्यालय म्हणजे माहितीची खाण. जिल्ह्यात कोणत्या खेळाची संघटना आहे, प्रशिक्षण कुठे चालतं, उन्हाळी शिबिरं कधी असतात, हे सगळं तिथे एका फेरीत कळतं. ही फेरी फुकट आहे आणि ती नकाशातल्या शोधापेक्षा कितीतरी उपयोगाची आहे.

४. तालीम. याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं.

तालीम: खान्देशाची जुनी जिम

कुस्ती म्हटली की सगळे कोल्हापूरकडे बोट दाखवतात. पण खान्देशानेही राज्याला मोठे मल्ल दिलेत. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळी गावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. पुढे ते महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक झाले. २०२३ साली कॅनडातल्या विनिपेग इथे झालेल्या जागतिक पोलीस आणि अग्निशमन क्रीडा स्पर्धेतही त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. गावातून निघून खेळाच्या जोरावर वर्दीपर्यंत कसं जाता येतं, याचं खान्देशातलं हे ठळक उदाहरण.

तालमीचा खर्च जिमपेक्षा कमी असतो. लंगोट, जोर-बैठका, दोर, मुद्गल आणि हौद्यातली माती एवढ्यावर शरीर तयार होतं. पण तालमीत जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, माती आणि मॅट हे दोन वेगळे खेळ समजा. गावच्या यात्रेतली दंगल मातीत होते, पण विद्यापीठाच्या आणि राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर होतात. तिथे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि प्रत्येक पकडीचे गुण मोजले जातात. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव मातीतूनच आले होते, पण तिथे त्यांना मॅटवरच लढावं लागलं. स्पर्धेत उतरायचं असेल तर मातीसोबत आठवड्यातून निदान दोन दिवस मॅट मिळेल अशी तालीम किंवा कॉलेज शोधा.

दोन, तालीम वेळ मागते. पहाटेची मेहनत, संध्याकाळची लढत आणि मधे झोप असा तिचा दिनक्रम. बीएस्सीची प्रात्यक्षिकं सांभाळून हे जमतं का, ते वस्तादांशी आधीच मोकळेपणाने बोला. चांगला वस्ताद 'परीक्षेच्या काळात सकाळीच ये' असं सांगून वाट काढतो.

कराटे, तायक्वांदो, ज्युदो, बॉक्सिंग: यात फरक काय?

गावात पोस्टर लागतं 'मार्शल आर्ट क्लासेस' म्हणून. आत नेमकं काय शिकवतात, हे त्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून थोडक्यात ओळख.

कराटे मूळचं ओकिनावा बेटावरचं. १९२२ साली गिचिन फुनाकोशी यांनी ते टोकियोत नेलं आणि तिथून ते जगभर पसरलं. हातापायाचे प्रहार हा त्याचा गाभा. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू या त्याच्या मोठ्या शाखा. ऑलिंपिकमध्ये कराटे फक्त एकदा, टोकियो २०२० मध्ये खेळलं गेलं. पॅरिस २०२४ मध्ये ते नव्हतं.

तायक्वांदो कोरियाचं. लाथांवर सगळा भर. सिडनी २००० पासून ते ऑलिंपिकचा पदक खेळ आहे. डोक्यावरच्या लाथेला जास्त गुण असल्यामुळे हेल्मेट आणि छातीचं संरक्षक कवच लागतंच.

ज्युदो जपानचं. १८८२ साली जिगोरो कानो यांनी त्याची सुरुवात केली. यात ठोसे-लाथा नाहीत. पकडणं, फेकणं आणि जमिनीवर दाबून धरणं आहे. ज्युदोत सुरुवातीलाच पडायला शिकवतात. दुचाकीवरून घसरणाऱ्या पिढीला ही कला आयुष्यभर उपयोगी पडते. कुस्ती येणाऱ्याला ज्युदो लवकर जमतं.

बॉक्सिंगमध्ये फक्त हात. दम आणि पायांची हालचाल यांचा कस लागतो. खर्च कमी, पण डोक्याला मार लागण्याचा धोका जास्त. त्यामुळे प्रशिक्षक कसा आहे यावर सगळं अवलंबून.

वुशू चीनचं. त्यात 'ताओलू' म्हणजे प्रात्यक्षिक प्रकार आणि 'सांदा' म्हणजे लढतीचा प्रकार असतो. आशियाई स्पर्धांत वुशू आहे, ऑलिंपिकचा पदक खेळ मात्र नाही.

मग निवडायचं काय? शहरात सगळं मिळतं, तिथे आवड पाहून निवडता येतं. आपल्याकडे उलटं आहे. ज्या खेळाचा चांगला प्रशिक्षक तासाभराच्या अंतरावर आहे, तो खेळ आपला. वाईट प्रशिक्षकाकडच्या आवडत्या खेळापेक्षा चांगल्या प्रशिक्षकाकडचा दुसरा खेळ जास्त देऊन जातो.

बेल्ट, प्रमाणपत्र आणि पाच टक्के

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यामुळे 'आमच्याकडे या, ब्लॅक बेल्ट मिळेल, नोकरीत फायदा होईल' असं सांगणारे जागोजागी भेटतात.

हे नीट समजून घ्या. ब्लॅक बेल्ट ही त्या शैलीतली शिकवणीची पायरी आहे. खेळाडू आरक्षण बेल्टवर मिळत नाही. ते मान्यताप्राप्त खेळातल्या, अधिकृत संघटनेने घेतलेल्या ठराविक दर्जाच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं. आणि ते प्रमाणपत्र क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आली आहेत आणि त्यात नोकरी लागलेल्यांवरही कारवाई झाली आहे. विकत घेतलेला कागद आज स्वस्त वाटतो, पण तो पुढे नोकरीसकट सगळं घेऊन जातो.

कराटेच्या बाबतीत आणखी सावध राहा. या खेळात देशभर अनेक संघटना आहेत, त्यांच्यात वाद आहेत आणि मान्यता बदलत राहिली आहे. 'ऑल इंडिया', 'इंटरनॅशनल', 'वर्ल्ड' असे शब्द नावात कुणीही घालू शकतं. म्हणून क्लास लावण्याआधी हे विचारा:

• तुमची संघटना राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर कुणाशी संलग्न आहे? कागद दाखवाल का?
• तुमचे विद्यार्थी मागच्या वर्षी कोणत्या स्पर्धेत खेळले? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कुणी गेलं का?
• बेल्ट परीक्षेची फी किती आणि वर्षात किती परीक्षा?
• स्पर्धेची फी, ड्रेस, प्रवास यांचा वर्षाचा एकूण खर्च किती?

मग तीच माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात ताडून पाहा. प्रश्न विचारल्यावर रागावणारा प्रशिक्षक टाळलेला बरा.

कॉलेजवाल्यांसाठी याहून सरळ रस्ता आहे. आपली कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. जळगावचं हे विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं. कॉलेजकडून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी ही शिडी आहे. इथे बेल्टची किंवा खाजगी संघटनेची मध्यस्थी लागत नाही. कॉलेजचं ओळखपत्र, पात्रता अर्ज आणि तुमचा खेळ पुरतो. मात्र वयाची अट असते, साधारण १७ ते २५. म्हणून 'तिसऱ्या वर्षाला बघू' असं म्हणू नका. पहिल्याच वर्षी निवड चाचणीला उभे राहा. हरलात तरी आपण कुठे आहोत ते कळतं.

जिममध्ये शिरल्यावर काय पाहायचं?

आरसे, गाणी आणि रंगीत दिवे बाजूला ठेवा. या गोष्टी पाहा.

हवा खेळती आहे का? आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, कधी ४४-४५ पर्यंतही जातो. पत्र्याच्या शेडमधली बंद जिम दुपारी भट्टी होते. प्यायचं पाणी आहे का? बारला वजन अडकवायचे क्लिप आहेत का? स्क्वाटच्या स्टँडला सुरक्षेचे आडवे दांडे आहेत का? केबल तुटायला आली आहे का? प्रशिक्षक नव्या पोराजवळ उभा राहतो की काउंटरवर मोबाईल बघत बसतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या वेळेला गर्दी किती असते? सकाळी अकरा वाजता रिकामी दिसणारी जिम संध्याकाळी सहाला भरलेली असते. म्हणून पाहायला जाल ते तुमच्याच वेळेला जा.

आता फीचा हिशोब. समजा एका जिमची महिन्याची फी ८०० रुपये आहे आणि 'वर्षाचे फक्त ६,०००' अशी ऑफर आहे. बारा महिन्यांचे ९,६०० होतात, म्हणजे ३,६०० वाचले असं वाटतं. पण कॉलेजचं वर्ष पाहा. दोन सत्रांच्या परीक्षा, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्यात गावाकडचं काम, लग्नसराई. खरे महिने मिळतात आठ. आठ महिन्यांचे ६,४०० होतात. म्हणजे बचत फक्त ४०० रुपये. त्यासाठी सहा हजार आधीच अडकवायचे आणि जिम मध्येच बंद पडली तर हात चोळत बसायचं. पहिले दोन महिने महिन्याच्या फीवरच जा, पावती घ्या. सवय टिकली तर तीन महिन्यांची भरा.

मुलींसाठी वेगळं काय?

सुरुवात कॉलेजपासून करणं सोपं जातं. आपल्या विद्यापीठाच्या अनेक कॉलेजांत युवती सभेतर्फे स्वसंरक्षणाची शिबिरं होतात. शाळेच्या पातळीवर समग्र शिक्षा अभियानात 'रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' चालतं. पण आठवड्याभराच्या शिबिरातून अंगात भिनत काही नाही, ओळख तेवढी होते. खरा उपयोग हवा असेल तर किमान सहा महिने एकच खेळ नियमित शिकायला हवा. आणि पहिला धडा कायम हाच राहतो: ओरडा, सुटा, पळा, ११२ ला फोन करा.

क्लास निवडताना संकोच न करता हे पाहा: मुलींची वेगळी तुकडी किंवा निदान तीन-चार मुली आधीपासून आहेत का? महिला प्रशिक्षक आहे का? कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? पालकांना बसून सराव बघू देतात का? पकडी शिकवताना हात लावावा लागतो, तो सगळ्यांसमोर आणि सांगून लावला जातो का? बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत महिला व्यवस्थापक असते का? यातल्या एकाही प्रश्नावर टाळाटाळ झाली तर दुसरी जागा शोधा. १८ वर्षांखालच्या मुला-मुलींना पोक्सो कायद्याचं संरक्षण आहे. कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत तक्रार समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

आणि घरच्यांना पटवायला एक ताजं उदाहरण: २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती प्रतीक्षा बागडी हिने जिंकली.

डबा की डबडं? प्रोटीनचा खरा हिशोब

जिम लावली की आठवड्यात कुणीतरी पावडरचा डबा दाखवतं. आधी आपल्या डब्यात काय आहे ते मोजू.

सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या पोराला ७२ ते ९६ ग्रॅम.

दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून साधारण १५ ग्रॅम. पन्नास ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ११. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२. तेवढ्याच फुटाण्यांतून १०. अर्धा लिटर दुधातून १६. बेरीज झाली ६४. वर दोन अंडी खाल्ली तर १२ वाढून ७६. अंडी खात नसाल तर पंचवीस ग्रॅम सोयाबीन वड्या तेवढंच देतात. आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असेल तर डाळीचा वाटा भाकरीतच येतो. म्हणजे सुरुवातीच्या वर्षाला खान्देशी घरचा स्वयंपाक पुरतो.

तरीही पावडर घ्यायचीच असेल तर पाकिटावरचा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, तारीख आणि सील पाहा, पक्कं बिल घ्या. सुट्टी पावडर किंवा 'खास मागवलेला माल' घेऊ नका. आणि इंजेक्शन किंवा गोळी पुढे करणाऱ्यापासून त्याच दिवशी लांब व्हा. स्टेरॉइड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं आहेत. विशीच्या आत-बाहेर ती घेतली तर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं मंदावतं, यकृतावर आणि हृदयावर ताण येतो, आणि खेळाडू असाल तर उत्तेजक चाचणीत सापडून बंदी येते ती वेगळी.

ऊन, मार आणि वजन उतरवणं

धावायला महामार्गावर जाऊ नका. एमआयडीसीमुळे नरडाण्याजवळ ट्रकची ये-जा मोठी असते आणि पहाटेच्या अंधारात चालकाला तुम्ही दिसत नाही. शाळेचं मैदान किंवा शेतशिवाराचा रस्ता धरा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सराव संपवा. चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही उष्माघाताची सुरुवात असू शकते. लगेच सावली, अंगावर पाणी आणि दवाखाना.

डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान गेलं, तरी त्या दिवशी परत लढायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचं. व्यायाम करताना छातीत दुखलं, अंधारी आली किंवा घरात कुणाचा तरुणपणी हृदयविकाराने मृत्यू झालेला असेल, तर जड व्यायामाआधी तपासणी करून घ्या.

कुस्ती, बॉक्सिंग, तायक्वांदो हे वजनगटाचे खेळ. खालच्या गटात बसण्यासाठी पाणी तोडून, जाड कपडे घालून घाम काढण्याची चाल अजून चालते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात तीन कॉलेज कुस्तीपटू असंच वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथे वजनाचे नियमच बदलले. तुमचा प्रशिक्षक 'दोन दिवसांत चार किलो उतरव' म्हणत असेल, तर वरच्या गटात खेळणं हा शहाणपणा आहे.

पहिल्या महिन्याचा साधा बेत

पहिला आठवडा शोधाचा. कॉलेजचा जिमखाना, ग्रामपंचायत आणि जिल्हा क्रीडा कार्यालय, या तीन ठिकाणी जाऊन या. फीच्या आणि वेळेच्या नोंदी वहीत करा.

दुसरा आठवडा बघण्याचा. दोन-तीन जागी तुमच्या वेळेला जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. नव्या पोराशी कसं बोलतात, यावरून बरंच कळतं. एखाद्या दिवसाचा मोफत सराव मागा. चांगल्या जागी सहसा नाही म्हणत नाहीत.

तिसरा आणि चौथा आठवडा सवयीचा. आठवड्यातून तीनच दिवस, हलकं वजन, नीट पद्धत. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, ते चालतं. सांध्यात कळ येते, ते चालत नाही. लघवीचा रंग चहासारखा काळपट झाला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा. अति व्यायामाने स्नायू फुटल्याची ती खूण असू शकते.

महिन्याअखेरीस वहीत बघा: ठरवलेल्या दिवसांपैकी किती दिवस गेलात? बहुतेक दिवस गेला असाल तर जागा बरोबर निवडली. निम्म्याहून कमी दिवस गेला असाल तर स्वतःला आळशी ठरवण्याआधी बसची वेळ, अंतर आणि सोबत तपासा. बहुतेक वेळा चूक तिथे सापडते. गावातला एक मित्र किंवा मैत्रीण सोबत घ्या. दोघं असले की बसही चुकत नाही आणि व्यायामही.